मागील पानावरून पुढे चालू

ब्रिजपोर्टमध्ये, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर
एटेल्काकडे, म्हणजे माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीकडे,
चौसष्ट खणांचं एक लाकडी कपाट होतं.
त्यात आयर्न हेरॉनचा जन्म अख्खा:
आईचं माहेरचं नाव, डाव्या भुवईवरचा व्रण,
कोणत्या अंकात तो पहिल्यांदा खोटं बोलला, कुणाशी,
आणि पंखांचे एकूण खिळे. दोनशे बारा.
एकदा चित्रकाराने दोनशे दहाच काढले,
तर डेट्रॉइटच्या एका अकरा वर्षांच्या पोराने
लगेच पत्र धाडलं.
एटेल्काने कळवलं: दोन खिळे
मागल्या महिन्याच्या मारामारीत निखळले.
पोराला पटलं.
मग तिने तेही कार्डावर उतरवलं.
थाप एकदा कार्डावर चढली की घडलेली असते,
असं ती म्हणायची, कॉफी ढवळत;
खाली यंत्र सुरू झालं की
कपात आपोआप वर्तुळं उठत.

हेरॉनचे वडील लढाईवरून परत आले नाहीत,
म्हणून तर त्याने पंख बांधले.
पहिल्या अंकात ती लढाई फ्रान्समधली, खंदकांची, चिखलाची.
पुढे हिशेब जुळेना.
हेरॉन बत्तीसचा तो बत्तीसचाच,
वाचक मात्र बाप झाले, टकले झाले.
तेव्हा वरून चिठ्ठी आली: वडील नॉर्मंडीत गेले असं धरावं.
काही वर्षांनी: कोरिया.

एटेल्का खोडरबर घ्यायची,
फुंकर मारून चुरा उडवायची,
आणि एका माणसाला एका लढाईतून अलगद उचलून
दुसरीत नेऊन ठेवायची,
मरायला.

कोरियाच्या दिवशी हात अडला.
तिचा भाऊ गेझा तिथेच राहिला होता,
बर्फात, एकोणिसाव्या वर्षी.
त्याच्या नावाचं कार्ड कुठल्याच खणात नव्हतं.
दातांत फट असलेला, चर्चमध्ये शीळ घालणारा गेझा,
दर हिवाळ्यात डावा हातमोजा हरवून
आईच्या शिव्या खाणारा.
तिने पेन्सिलीला टोक काढलं आणि लिहिलं:
हेरॉनचे वडील. डावा हातमोजा नेहमी हरवायचे.
कुणी विचारलं नाही.
चित्रकाराने निमूट तसं काढलं.

मग वडील व्हिएतनामला हलले.
तिने बर्फ खोडला, तंबू खोडले,
हातमोजा तेवढा ठेवला.
पत्रांचा पाऊस! जंगलात, त्या उकाड्यात,
या गृहस्थाच्या एका हातात लोकरीचा मोजा कसा?
तिने प्रत्येकाला एकच उत्तर टाइप केलं:
आपलं निरीक्षण अचूक आहे. खुलासा यथावकाश.

खुलासा झाला नाही.
त्याआधी आकाश फाटलं, बत्तीस पानांत,
सगळी विश्वं एकमेकांवर आदळली
आणि नव्या संपादकाने, हॅडली क्रोवेलने,
अदबीने सांगितलं की आत्तापर्यंतचं काहीच घडलेलं नाही.
"काहीच?" तिने विचारलं.
"काहीच नाही, मिस बोदनार."
कपाट दोघा हमालांनी खाली नेलं.
जिन्यात एक खण सटकला, कार्डं विखुरली;
तिने वाकून वेचली,
ती क्रमवार लावूनच त्यांच्या हातात दिली.

परवा वृद्धाश्रमात तिच्यासाठी नवा अंक नेला.
हेरॉन बत्तीसचा. वडील आता वाळवंटात गेलेले.
एका चौकटीत, उलटलेल्या जीपपाशी,
वाळूतून वर आलेले दोन हात:
उजव्यात हातमोजा, डावा उघडा.
काढणारी मुलगी जेमतेम पंचविशीची असेल,
तिला कुणी सांगितलं असणार?
की घाईत राहून गेलं?

मावशीआजी त्या पानावर थांबली नाही.
भिंग घेऊन पंख मोजत बसली,
ओठ हलत होते, मधेच चुकली, पुन्हा एकपासून.
जेवणाची गाडी येऊन गेली.
"दोनशे अकरा," म्हणाली शेवटी.
मग पानं मागे उलटली,
त्या वाळूपर्यंत,
आणि माझ्यापुढे हात केला:
"पेन्सिल आहे का गं?"