खरं

आमच्या बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येतो म्हणालेला, खरं आला नाही.
पुण्याची जाऊ हसते,
यात खरं कुठलं नि खोटं कुठलं, विचारते.
मी तिला चहा देते.

ईरण्णा वडगावात मागावर होता.
काठाचे धागे मोजता मोजता
त्यानं मला आकडे शिकवले,
ओंदु, एरडु, मूरु.
नऊला मी अडखळायची.
ओंबत्तु.
ओठ मिटायला लावणारा आकडा.

शेवटचं भांडण कपिलेश्वराच्या तळ्यावर.
तो कानडीत ओरडला, मी मराठीत.
बरं झालं,
निम्मं कळलंच नाही.

परवा पतसंस्थेत माझ्याच खिडकीशी आला.
केस गेलेत. चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली,
गाठ मात्र विणकराची.
ठेवीचा फॉर्म. वारस कोण?
तो मराठीत म्हणाला, बायको.
मी कानडीत नाव विचारलं.
लक्कव्वा.
ठळक अक्षरात लिहिलं,
शाई सुकेपर्यंत फुंकर घातली.
काही वाटलं नाही असं नाही,
खरं काय वाटलं ते सांगता यायचं नाही.
व्याज साडेसात टक्के,
एवढं सांगितलं.

आणि आमचा भैरू
दर उन्हाळ्यात मिरचीसाठी संकेश्वरला जातो.
मिरची रविवार पेठेतही मिळते.
हे मी एकदाच बोलले, लग्नाच्या पहिल्या वर्षी.
तिथं कुणा मंदाकिनीचं दुकान आहे,
नणंदेनं सांगितलेलं, मीठ लावून.
संध्याकाळच्या एसटीनं येतो, डोळे लाल.
झोंबली, म्हणतो.
पोत्याची शिवण मी उसवते.
मिरची चांगली असते,
रंगाला, वासाला,
आणि देठं खुडलेली.
अख्ख्या पोत्याची देठं
खुडून कोण विकतं?

विचारलं नाही.
त्यानंही कधी विचारलं नाही
मी पैसे मोजताना ओठ का हलवते.

यंदा गच्चीवर मिरची पसरताना
दोघांना एकदमच शिंका आल्या,
थांबेचनात.
शेजारची वाकून बघून गेली.

रात्री कुकर लावला.
मूरु, म्हटलं मी सवयीनं,
शिट्ट्यांच्या हिशेबात.
जिन्यात रिकामं पोतं झटकत
तो म्हणाला, नाल्कु.

चौथी अजून व्हायची होती.