झाडूगाडी

व्हॅनच्या टपावर आडवा बांधलेला झाडू
बायकोनं दिलाय, गोठ्यातला.
"जुना ने," म्हणाली, "नवा मला लागतो."
त्यावरूनच ओळखतात सगळे:
ही गाडी मागे दिसली
की आपल्या मागे आता कुणी नाही.

तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला.
तेव्हाही घाई नव्हती, दूध हिंदकळतं.
आता वर्षातला एक रविवार
ताशी अकरा किलोमीटरनं
माणसं गोळा करतो.

आमच्या फ्रीसलंडात चढ नाही.
एखादा पूल, तोही थकलेल्याला चढ वाटतो.
पण बांधावर आलं की समुद्राकडून वारा
छातीवर हात ठेवून विचारतो, कुठं निघालास?
आणि उत्तर ऐकून घेत नाही.

सकाळपासूनचा हिशेब:
नऊ ट्यूब, दोन चेन,
एका नोटरीच्या पोटरीत गोळा.
मागच्या सीटवर पाय वर करून झोपलाय तो,
झोपेतही सही केल्यासारखी बोटं हलतात.
हार्लिंगनच्या अलीकडे एक नवराबायको,
दोघांत एक जोडसायकल,
आणि भांडण, पॅडल कोण मारत नव्हतं यावरून.
ती पुढे माझ्या शेजारी,
तो मागे, वाकडं चाक मांडीवर घेऊन.
थर्मासच्या एकाच झाकणातून कॉफी प्यायले.
बोलले नाहीत.

आणि समोर सित्स्के.
टपाल खात्यातून निवृत्त, डावा गुडघा बदललेला,
केशरी जॅकेट, कॅरिअरवर डब्यात केक,
पोचल्यावर वाटायला.
दर अर्ध्या तासानं मी काच खाली करतो.
"येतेस?"
"नाही."
"केळं?"
"दे."
एवढंच.
एकदाच म्हणाली,
"वीब्रन, तुझ्या इंजिनचा आवाज
माझ्या मानेवर बसतो. लांब राहा."
राहिलो. पन्नास मीटर.

पुढे जाऊन वारा अडवता आला असता.
नियमात बसत नाही ते,
आणि तिच्या स्वभावात तर मुळीच नाही.
मग नुसता मागे राहिलो.
मागे राहणं हेही एक काम असतं,
टँकरवर हे कुणी शिकवलं नव्हतं.

साडेपाच. बांधावर मेंढ्यांचं फाटक,
ते उघडायला उतरलो, इंजिन बंद केलं.
तीच चूक.
किल्ली फिरवली, टक्, टक्, बस.
नोटरी जागा झाला. नवराबायको उतरली.
सगळी माझ्याकडे बघू लागली,
दिवसभर मी त्यांच्याकडे बघत होतो तशी.
अडचणीत फोन करायचा नंबर
व्हॅनच्या दारावर मोठ्या अक्षरांत आहे.
माझाच.

केशरी ठिपका लहान होत चालला.
जाऊ दे, म्हटलं.
सातला शेवटची कमान उतरवतात,
वेळेत पोचेल, पहिल्यांदाच.
गेली तिन्ही वर्षं याच गाडीतून आणलीय तिला.

मग ठिपका थांबला.
मानेवर काही नाही, हे जाणवलं असावं.

परत येताना वारा पाठीशी होता.
पॅडल न मारता आली, जॅकेट शिडासारखं फुगवून.
सायकल कुंपणाला टेकवली,
नोटरीला म्हणाली "सरक",
आणि खांदा लावला.
अख्ख्या मुलखात उतार एकच, बांधाचा.
तिकडे तोंड केलं, चौघांनी ढकललं,
मेंढ्या बाजूला झाल्या,
दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला
आणि गाडी खोकत खोकत बोलली.

"येतेस?"
"नाही."
केळी संपली होती.
सायकल ओढत ती पुन्हा बांधावर चढली,
निघाली,
आणि मान न वळवता
हात मागे करून खूण केली:
जवळ ये.

पोचलो तेव्हा कमान ट्रकमध्ये चढली होती.
केक पार्किंगमध्ये कापला,
टायर काढायच्या पट्टीनं.
नवराबायको एकाच तुकड्यावरून भांडली.
झाडू वाटेत कुठंतरी पडला.
घरी काय सांगायचं, अजून ठरलेलं नाही.