मिटके

शाल-श्रीफळ झालं की विचारतात,
“आपण या क्षेत्राकडे कसे वळलात?”

वळलो नाही हो.
तासगावच्या स्टँडवरून सरळ चालत गेलं
की डाव्या हाताला पिठाची गिरणी,
तिच्या माडीवर मगदूमांचा स्टुडिओ.
मी दळण घेऊन गेलो होतो. नंबर लांब होता.

जिन्यावर पीठ, वर काळोख,
काळोखात एक तांबडा दिवा.
भूपाल मगदूम ओरडले,
“दार लाव! आलायस तर आतच थांब,
कागद खराब होतोय.”
थांबलो.
पाण्यातल्या कोऱ्या कागदावर आधी मिशी आली,
मग मिशीमागून हळूहळू एक माणूस.

गिरणी सुरू झाली की वर एनलार्जर थरथरायचा,
म्हणून प्रिंट मंगळवारी, गिरणी बंद असताना.
ज्यांना अर्जंट हवे होते ते तासगावकर
अजून आपापल्या अल्बमात
थोडे हललेले आहेत.

मी झाडून घ्यायचो, पाणी भरायचो,
पासपोर्टच्या कडा नागमोडी कापायचो.
ज्यांचे डोळे मिटले ते फोटो
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.
मालक त्यांना ‘मिटके’ म्हणायचे.
“फेकू नको, हात बसवायला होतील.”

तीन केसांचा ब्रश, जिभेवर टोक करायचं,
शाईची चव अजून आहे.
मिटल्या पापणीवर बुबुळ काढायचं.
माझ्या पहिल्या माणसाला
शेळीचे डोळे आले. दुसऱ्याला बेदाण्याएवढे.
बेदाण्याचाच व्यापारी होता तो,
मालक दिवसभर हसत होते.

मग सावळजच्या तानूबाई आल्या.
पिशवीत पेपर, पेपरात फोटो:
खुर्चीला बांधून बसवलेला नवरा,
गळ्यात हार, मान जराशी कललेली.
तेवढा एकच फोटो त्याचा.
“डोळं उघडून द्या.”

मालकांचा हात तेव्हा कापायला लागला होता.
त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी सतरा वर्षांचा.
विचारलं, “कसे बघायचे ते?”
“म्हंजी? माज्याकडं न्हाई बघायचा कवा सरळ.
इंजिनं दुरुस्त करायचा हिरीवरची.
इंजिनाकडं बघायचा. ऐकल्यावानी.”

ऐकल्यावानी.
चार दिवस मी ब्रश धरला नाही.
मळ्यामळ्यातून फिरलो,
डिझेलच्या धुरात उभी माणसं बघत,
ऐकताना डोळा नेमका कुठं जातो ते शोधत.
तो कुठंच जात नाही. थांबतो,
समोरच्या वस्तूच्या एक वीत अलीकडं.
तिथं त्याला बघायला लावलं.

तानूबाईंनी फोटो दोन्ही हातांत धरला.
“व्हय,” म्हणाल्या. पैसे मोजून दिले.
आठ दिवसांनी परत आल्या, तोच पेपर, तीच पिशवी.
“मिटा पोरा परत.
रातीचं उठून बसत्या मी. वाटतं,
काय बिघडलंय माज्यात, ह्यो ऐकतोय.”

ओल्या कापसानं पुसलं.
शाई कच्चीच असते ती, दोन मिनिटांत गेली.
खालच्या पापण्या जशाच्या तशा होत्या.
पैसे परत दिले तर घेतले नाहीत,
खुर्चीवर ठेवले.
मालक त्या दिवशी काहीच बोलले नाहीत,
दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची किल्ली
माझ्या खिशात घातली.

आता डिजिटल.
पोरं म्हणतात, काका, डोळे मिटले, डिलीट करा.
करतो म्हणतो.
सगळे करत नाही.
डबाही आहे, झाकण गंजलंय,
उघडताना नख तुटतं.

एवढं सगळं माइकवर कोण ऐकणार?
मी म्हणतो, लहानपणापासून आवड होती.
टाळ्या होतात.

दळण त्या दिवशी तसंच राहिलं होतं, गिरणीच्या रांगेत.
रात्री आईनं भात टाकला.
ताट माझ्यापुढं सरकवून
माझ्या बोटांना कसला वास येतोय
तेवढं विचारलं.