वीस

इलोइलोचं सरकारी इस्पितळ, पुरुषांचा वॉर्ड,
माझ्या ड्यूटीचा तिसरा दिवस.
अठ्ठावीस खाटा, चाळीस रुग्ण,
खाटांखाली पुठ्ठे पसरून निजलेली त्यांची माणसं.
चालताना आधी पाय बघायचे, मग चेहरे.

ताप मोजला. नाडी मोजली. रक्तदाब मोजला.
श्वासांच्या रकान्यात
वरपासून खालपर्यंत लिहिलं : वीस, वीस, वीस.
मागच्या बॅचनं सांगितलं होतं,
वीस लिहिलं की कोणी विचारत नाही.
अंदाजपंचे वीस.

पाल्मारेस मॅडमनी विचारलं.
आवाज न चढवता, चष्मा कपाळावर ढकलून :
"अख्खा वॉर्ड एका लयीत श्वास घेतोय, रोविलिन?
रविवारी चर्चमध्ये गायला नेऊ या यांना."
मी बुटांकडे बघत राहिले.
मावशीनं दुबईहून पाठवलेल्या पैशांचे पांढरे बूट,
डाव्यावर आयोडीनचा डाग.

मग त्यांनी जे शिकवलं, ते पुस्तकात होतंच.
मी त्यावर पिवळी रेघसुद्धा ओढली होती.
माणसाला कळलं, आपला श्वास मोजतायत,
की तो बदलतो.
म्हणून मनगट धरायचं,
नाडी बघतोय असं भासवायचं,
आणि घड्याळाच्या काट्याआडून
छातीवरची चादर मोजायची. पुरतं एक मिनिट.
"म्हणजे खोटं बोलायचं," मी म्हणाले.
"हो. पण रेटून."

दुपारभर मी खोटं बोलत फिरले.
सोळा. बावीस. अठरा.
एकाला उचकी लागलेली, ती धरायची की नाही कळेना.
एक जण खरोखरच वीस निघाला.
त्याचे दोनदा मोजले,
माझाच विश्वास बसेना.

सतरा नंबरला ताताय क्रिस्पुलो, गिमारास बेटावरचा कोळी.
मनगटाला वळ, दोरीचे, जुने,
त्यांतून नाडी शोधायला वेळ लागला.
हसत होता. लेक सुकी मासळी सोलत होती,
"इंदाय, तूही खा," म्हणाली मला.
ताप नाही. रक्तदाब बरा.
चादर मात्र थांबायलाच तयार नाही :
एकतीस, बत्तीस, तेहेतीस,
चौतीस.

वॉर्डात धावायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.
मी धावले.
डॉक्टर आले, ऑक्सिजन आला,
खाटेचा हँडल तुटलेला म्हणून
डोक्याकडच्या पायांखाली विटा सरकवल्या.
लेकीच्या हातात मासळी तशीच.
माझ्याशी कोणी बोललं नाही, वेळ कोणाला होता?

संध्याकाळी तक्ता भरताना
आधी छत्तीस लिहिलं, हात कापत होता.
मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, खोडायचं नाही.
एकच आडवी रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे,
शेजारी आपली आद्याक्षरं.
तसं केलं.
त्याच्या वरच्या चौकोनात
सकाळचं वीस होतं, माझ्याच अक्षरात, सुबक.
त्यावर कसली रेघ मारणार?
सकाळी मी मोजलंच नव्हतं.

त्या रात्री घरी कोणाला काही सांगितलं नाही.
बूट घासले. डाग फिकटला, गेला नाही.

पाचव्या दिवशी नळी निघाली. ताताय उशीला टेकून बसलेला.
मी मनगट धरलं, घड्याळात बघितलं.
"इंदाय," तो म्हणाला,
"गळ टाकून बसतो ना, तेव्हा मीही दुसरीकडेच बघतो."
मी पकडले गेले.
तशी त्यानं छाती फुगवून
एक लांबलचक श्वास घेतला, नुसता मला दाखवायला,
आणि ऐटीत सोडला.

तो मी धरला नाही.
काटा बारावर येऊ दिला
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.