दोन सूत

दस्तगीरमामानं आरसा घासला आठ महिने,
उद्यमनगरातल्या शेडमागं, पिंपावर काच ठेवून,
पिंपाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत.
आडनाव शिकलगार. घराण्यात तलवारी उजळायचे.
"धार नसलेली पहिलीच वस्तू आमच्यात," म्हणून हसायचा.

मी इन्स्पेक्शनला. हातात गेज:
एक टोक भोकात गेलंच पाहिजे,
दुसरं दाराशी अडलंच पाहिजे.
बावीस वर्षं एवढंच बघते.

मग तो दगड सापडला कुणाला तरी,
कुठल्याशा डोंगरावरच्या दुर्बिणीला.
नाव नाही, नुसता नंबर, गाडीसारखा.
खासबागेच्या हौद्यात कसाबसा मावेल एवढा.
आधी म्हणाले, पाच हजारांत एक.
मग आठशेत एक.
मग नव्वदांत एक,
आणि चहाच्या गाड्यावर माणसं
लेथ चालू ठेवून हिशोब मांडायला लागली.

आम्हाला आकड्यांवर वाट बघायची सवय आहे.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे धोका.
मधल्या चार फुटांत आम्ही
गाद्या माळ्यावर चढवतो, म्हशींची दावी सोडतो,
मोबाईल चार्ज करतो, एकमेकांवर ओरडतो.
पण पाणी दिसतं तरी. पायऱ्या मोजता येतात.
हे कुठल्या पायरीवर आलंय?

"मामा, जास्त मोजतायत तसा धोका वाढतोय कसा?"
त्यानं डब्याशेजारची परात ओढली,
चिक्कीवरचा एक तीळ सुटा करून तीत टाकला.
"दगड ह्या परातीत कुठंबी असंल. तीळ म्हणजे आपण.
मापं घेतली, परातीचं ताट झालं.
आणखी घेतली, ताटाची वाटी.
तीळ हाय तेवढाच. पण वाटीत मोठा दिसतोय, न्हवं?"
"आणि मग?"
"मग वाटी इतकी बारीक हुती
की तीळ तिच्या बाहेर पडतो.
न्हाईतर मग तीळच उरतो."
तीळ बोटावर उचलून त्यानं खाऊन टाकला.

कळलं ते किरणोत्सवाच्या संध्याकाळी.
उन्हाची तिरीप देवीच्या पायांवर आली, गुडघ्यावर,
कमरेशी पोचली, आणि पश्चिमेला ढग आडवा आला.
गर्दी हळहळली.
महाद्वारातून बाहेर पडले तर मामाचा फोन:
"वाटीबाहेर."
मग जरा थांबून:
"सूर्याच्या अंगानं येणारे दिसतच न्हाईत बघ.
उजेडात लपून येत्यात."
आणि आम्ही त्याच बाजूला हात जोडून उभे होतो.

तरीही दगड जायचा त्या रात्री
आम्ही मसाईच्या पठारावर गेलो.
वारा कानात. खाली लांबवर कोल्हापूर,
निवत आलेल्या भट्टीसारखं.
मामा हात लांब करून आभाळ मोजतो.
मूठ म्हणजे दहा अंश.
त्याच्या डाव्या मुठीत आठच भरतात;
करंगळी प्रेसखाली गेली, अठ्ठ्याण्णव साली.
"हात दोन सूत मागं असता तर," एवढंच सांगतो.
कमी पडणारे दोन अंश मनात मिळवतो.

दिसला.
दिसला म्हणजे, ताऱ्यांमध्ये एक ठिपका
जो तारा नव्हता, कारण तो सरकत होता,
मुंगीच्या पायानं, कुणाचंही देणंघेणं नसल्यासारखा.
चंद्राच्या अलीकडून गेला.
मी डोळा काढला नाही.
पापणीचं पाणी भिंगाला लागलं तरी काढला नाही.
"पुढचा कधी?"
"सापडला की सांगतो," मामा म्हणाला,
आणि आरशावर फडकं टाकलं.

सकाळी आठची पाळी.
पहिला जॉब घेतला. अजून कोमट होता.
एक टोक आत गेलं.
दुसरं दाराशी अडलं.
पास, असं लिहिलं.
मग उगाच
परत एकदा लावून बघितलं.