बाहेरून

रिक्षावाल्याला 'स्मारक' म्हटलं तर कळेना.
'सेटलमेंट' म्हटल्यावर लगेच मान हलली,
आरशातून एकदा आम्हा दोघांना पाहून झालं,
मग साठ रुपये सांगितले.

यल्लव्वा आत्या पुढे बघत बसलेली.
मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली,
दोन भाकरी, शेंगाचटणीची पुडी.
पाच किलोमीटरच्या वाटेला
ती अजून मुक्कामाची तयारी करून निघते.

तिच्या बापाला इथं आणलं तेव्हा तो नऊ वर्षांचा.
इंडी रोडला गाढवं सोडायला लावली,
तीन मोठी, एक शिंगरू.
डब्यात माणसं कोंबायला जागा होती,
शिंगराला नव्हती.
फौजदाराने पावती दिली म्हणे:
जनावरे चार, सरकारजमा.
मरेपर्यंत पत्र्याच्या डबीत जपली त्याने ती,
कुठल्या तरी खिडकीवर दाखवली
की चारही परत मिळतील अशी.

मी शाळेत मराठी शिकवतो.
शब्दकोशात आमच्या शेजारच्या आळीचं नाव आहे.
भामटा: नाम, पुल्लिंगी. ठक, लुच्चा.
पोरं तो शब्द वाक्यात वापरून आणतात.
मी बरोबरची खूण करतो.
व्याकरणात चूक नसते.

उन्हं कलली होती तरी फाटक तापलेलं.
आत कमरेएवढा काळा दगड,
त्यावर काचेच्या पेटीत
जुन्या कुंपणाची हातभर तार.
आणि भोवती नवी तार,
काटेरी, चकचकीत.
आत्याने बोट फिरवत मोजली.
तीन पदरी.
"शेळ्या शिरतात," रखवालदार पोरगा म्हणाला.
इरण्णा नाव त्याचं, नवाच होता, आदबीने बोलत होता.
वही पुढे केली.
नाव. गाव. येण्याची वेळ. कारण. जाण्याची वेळ.

"जायची वेळ आत्ताच लिव्हायची का रं?"
"न्हाई मावशी, जाताना."
"आमच्या टायमाला बी असंच म्हणायचे,"
आत्या म्हणाली, "जाताना लिव्हू."

तिला दहावं लागलं तेव्हा तार तुटली.
त्याआधीची हजेरी तिला आठवते
ती कंदिलाची. रात्री अकराला, मग तीनला.
झोपलेल्यांना उठवायचे नाहीत,
तेवढी माया होती.
पांघरुणाबाहेरचे पाय मोजायचे फक्त.
अजून ती पाय उघडे टाकून झोपते.
पौषातसुद्धा.
सुनेने मोजे आणले, ते बाळाला दिले.

"तू जा, वाचून ये," ती म्हणाली.
"मी हितनंच बघते.
बाहिरनं कसं दिसतं
ते कवा बघितलंच न्हवतं."

मी सही केली.
कारणाच्या रकान्यात 'शिंगरू' लिहिलं.
खोडलं. 'पाहणी' लिहिलं.

दगडावर दोन साल होती, मधे आडवी रेघ.
'असंख्य' हा शब्द होता.
नाव एकही नव्हतं.
मागच्या अंगाला एक शेळी निवांत चरत होती,
कुठून शिरली देव जाणे.
मी वळून पाहिलं तर आत्या
तारेतून हात घालून तिला भाकरीचा तुकडा दाखवत,
जिभेने टकटक आवाज काढत होती,
जनावर बोलवायचा तो आवाज
मी घरात कधी ऐकला नव्हता.
आमच्या घरात जनावर नव्हतंच.
शेळी आली.
इरण्णा काठी घेऊन धावला, मग थांबला,
उगाच फाटकाची कडी तपासत राहिला.

निघताना त्याने मनगटावरचं घड्याळ पाहून
शेवटचा रकाना भरला.
आत्याने पदराला हात पुसले.
"काय लिव्हलंस?"
"पाच वाजून दहा, मावशी."
"व्हय? दाव."
तिला वाचता येत नाही.
तरी वहीवर वाकून बघत राहिली बराच वेळ.
"जरा ठळक कर," म्हणाली.
"पेन फिरव अजून एकदा त्यावरनं."