कडेलाच खळ

चावी मिळाली मंगळवारी, सामान येणार शनिवारी.
मधले दिवस माझे, बाबांचे
आणि भिंतींचे.

यंग्दो बेट, चढाची गल्ली, चौथा मजला, लिफ्ट नाही.
खाली गोदीत दिवसभर कुणीतरी
गंजक्या जहाजाला हातोडीने बडवतंय.
बाबा म्हणाले, बरं आहे योन-सिल,
एकटं वाटायचं नाही.

घरमालकीण हाम बाईंचा फोन:
रंग हस्तिदंतीच हवा. खिळा ठोकायचा नाही.
दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं.
मी हो म्हणत गेले, हो, हो,
आणि बाबा तोवर जुना कागद नखाने उचलू लागले,
दुधावरची साय काढावी तसा.

एकाखाली एक चार थर निघाले.
राखी पट्टे. बांबूची पानं.
मग एक असह्य गुलाबी.
तळाला वर्तमानपत्र, तारीख फाटलेली,
मजकूर एवढाच: दक्षिण किनाऱ्यावर वाऱ्याचा इशारा, होड्यांनी
पुढचं आमच्या हातात सुटून आलं.

"हा गुलाबी मी गाडाभर लावलाय," बाबा हसले,
"त्या काळी प्रत्येक नव्या नवरीला हाच हवा असायचा."
मग गप्प झाले.
फेब्रुवारीत माझ्या सह्या झाल्या, कोर्टातल्या,
त्याबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.
मी गुलाबी कपटे पोत्यात भरत राहिले.

टबात खळ कालवली.
मधोमध लावायची ती पेजेसारखी पातळ,
कडेची मात्र
बोटाला ओढ बसेल इतकी घट्ट.
चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं मढवली त्यांनी,
चढावरचा किराणावाला अजून पे मिस्त्री म्हणतो,
आणि हल्ली उजवा हात थरथरतो.
चहाचा पेला दोन्ही हातांनी धरतात.
पण सुरी भिंतीला टेकली की हात थांबतो.
त्या हाताला भिंत लागते.

संध्याकाळी मी मागे सरून पाहिलं
आणि पोटात गोळा आला.
सगळा कागद आजारी दिसत होता:
सुरकुत्या, फुगे, छताशी एक लांबलचक झोळ.
संपलं यांचं काम, मनात आलं,
आणि ते मनात आलं याची लाज वाटली.
"हात लावायचा नाही," ते म्हणाले,
"खिडकी उघडायची नाही.
घाईने वाळलं की फाटतं."
मग गुडघे धरत चार मजले उतरून गेले.

रिकाम्या खोलीत मी आणि आईने पाठवलेला राइस कुकर,
आत तांदूळ घालून, फडक्यात बांधून:
सगळ्या सामानाच्या आधी हा घरात जायला हवा.
जमिनीच्या मध्यावर बसलेला,
भाडेकरार त्याच्याच नावावर असल्यासारखा.
त्याच्या शेजारी पथारी टाकली.
रात्री दोनला भिंतीतून आवाज आला, टक्.
थोड्या वेळाने दारामागून, टक्.
कुणी घर बदलताना बोटं मोडावीत तसा.

सकाळी भिंत ढोलकीच्या पुडीसारखी ताणलेली.
टिचकी मारली. पोकळ वाजली, गोड.

बाबा आले तेव्हा मी कान लावून उभी होते.
"सगळीकडे चिकटवलं ना,
तर भिंतीची एकूण एक खोट वर दिसते.
कडेला पक्कं धरायचं. मध्ये हवा ठेवायची."
बूट काढता काढता म्हणाले,
"आणि तुझ्यानंतर जो येईल
त्याला सोलायला सोपं."

खिडकीखाली एक सुरकुती राहिलीच होती,
वीतभर, तिरकी,
जिथे सुरी भिंतीला टेकण्याआधी
हात हलला असणार.
दोघांनी एकाच वेळी पाहिली.
"तिथे कपाट लाव," ते म्हणाले.

शनिवारी कपाट आलं, हमालांनी विचारलं कुठे ठेवायचं.
मी समोरची भिंत दाखवली.